घर महाग, मालकाचं मन होत नाही: बोलणी करताना या चुका टाळा

घराच्या बैठकीला नात्यातले, ओळखीतले लोक मला सोबत नेतात. तिथं बसून त्याच त्या चुका बघताना जीव तळमळतो. मालकानं गल्लीतल्या चालू दरापेक्षा दहा-पंधरा लाख वर सांगितले की नवी मंडळी लगेच घासाघीस सुरू करतात. पण समोरच्याचं विकायचं अजून ठरलेलंच नसतं. ज्याचं मन होत नाही तो मुद्दाम मोठा आकडा सांगतो, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप उठून जातं. म्हणून त्याचं घोडं कुठं अडलंय ते आधी शोधा. आकड्याचं नंतर बघू.

घराला नावं ठेवणं

सगळ्यात जास्त सौदे यानंच मोडतात. संभाजीनगरला गारखेडा परिसरात एका निवृत्त गुरुजींचं घर होतं. 20 बाय 30 चा प्लॉट, खाली दोन खोल्या, वर एक. सांगत होते 80 लाख, गल्लीत व्यवहार होत होते 65 च्या आसपास. वाळूजच्या कंपनीत नोकरीला असलेला आमच्या भाच्याचा मित्र घर बघायला आला. चांगला पोरगा, पण घाई फार. चहा हातात घेऊनच सुरू झाला: "काका, वायरिंग सगळं काढावं लागेल. स्लॅबला ओल आहे. खरं तर पाडूनच बांधावं लागणार, आम्ही फक्त प्लॉटचे पैसे देऊ."

गुरुजी गप्प झाले. काकू आतून आल्या आणि अर्धा चहा असतानाच कपबश्या उचलून घेऊन गेल्या. त्या स्लॅबवर पाणी मारायला त्यांनी स्वतः घागरी वाहिल्या होत्या, हे त्या पोराला कुठून माहीत असणार? "आम्हाला विकायचंच नाही," एवढं बोलून गुरुजी उठले.

मध्ये बरेच दिवस जाऊ दिले आणि मग मी एकटा गेलो. घराचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "गुरुजी, इथून उठून राहणार कुठं?" तेव्हा खरं बाहेर आलं. मुलगा पुण्यात बोलावत होता, पण धाकट्या मुलीचं लग्न याच दारातून करायचं होतं आणि तिचं अजून जमायचं होतं. मग आम्ही सांगितलं की साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आत्ता नोंदवू, ताबा मुलीच्या लग्नानंतर द्या, फार तर वर्षभरानं, आणि तोवर भाडं नको. 80 वरून गुरुजी स्वतःच 68 वर आले. घर घेणाऱ्या त्या पोराला ताब्यासाठी थांबावं लागलं, पण 12 लाख वाचले.

दोष बघू नका असं मी म्हणत नाही. मी सगळे वहीत टिपतो, मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतो आणि तो कागद मध्यस्थाच्या हाती देतो. घरातल्या बाईसमोर एक शब्द काढत नाही.

रेडीरेकनरचा कागद आपटणं

रेडीरेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला भागावार दर, मुद्रांक शुल्क काढण्यासाठी असतो. त्यावरून मालकाला खोटं पाडायला गेलात तर तो शेजारच्या घराचा ऐकीव आकडा तुमच्या तोंडावर मारेल. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. त्याच भागातले अलीकडचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, तिथं काढा. त्यात खरी नोंदवलेली किंमत दिसते.

त्याहून भारी पडतं बँकेचं मूल्यांकन. घराची किंमत आणि मूल्यांकन, यात जे कमी त्यावरच बँक कर्ज मोजते. मूल्यांकन 65 लाखांचं आलं आणि बँकेनं 80 टक्के दिले, तर हाती 52 येतात. 80 लाखांच्या घराला 28 लाख पदरचे घालायचे, वर मुद्रांक शुल्क आणि 30 हजारांपर्यंत नोंदणी फी. हा हिशोब मालकापुढे शांतपणे मांडला तर अपमान होत नाही, कारण भाव तुम्ही पाडत नाही, बँक सांगते.

"थोडे रोखीत द्या, भाव कमी करतो"

हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमचंही नुकसान होतंच. कागदावर किंमत कमी दिसली की कर्ज कमी मिळतं, आणि उद्या घर विकाल तेव्हा नफा जास्त दिसून कर वाढतो. दोन लाखांच्या मोहापायी लोक आयुष्याची कमाई कच्च्या चिठ्ठीवर सोडतात. असं निघालं की मी बैठकीतून उठतो.

एकाच भावाच्या हाती इसार देणं

मालक चालढकल करतो तेव्हा पुष्कळदा त्याचा नाइलाज असतो. बहीण परभणीला, ती सही द्यायला तयार नाही, आणि हे तो लाजेपोटी सांगत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. आधी पीआर कार्ड, म्हणजे मालमत्तेचा सरकारी मालकी-उतारा, बघा, त्यावर किती नावं आहेत ते मोजा. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हातात येईपर्यंत इसाराचा, म्हणजे सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेचा, रुपया देऊ नका. भावाला हळूच विचारा, "ताईंचं काय म्हणणं आहे?" ताईंचा हिस्सा थेट त्यांच्या खात्यावर जाईल असं साठेखतात लिहिलं की पुष्कळ गाठी सुटतात.

बाकीच्या चुका

एजंटला आपली शेवटची मर्यादा कधी सांगू नये. ती संध्याकाळपर्यंत मालकाला कळते.

बोअर श्रावणात बघून खूश होऊ नका, मे महिन्यात बघा. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्यात पाणी हा किमतीचाच भाग आहे.

गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं, घर नियमित झालंय का ते विचारा. नसेल तर ते शुल्क कोण भरणार, हे भाव ठरण्याआधी लिहून घ्या.

अक्षय्य तृतीयेला ताबा हवाच, असं मालकासमोर बोललात की भाव तिथंच गोठला.

आणि आकडा सांगून झाल्यावर रोज फोन करू नका. मी रक्कम, पैसे कसे देणार आणि ताबा कधी, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून, खाली मुदत घालून देतो. मुदत संपेपर्यंत फोन करत नाही आणि बाकीची घरं बघणं चालू ठेवतो. मधल्या काळात मालकाकडून फोन आला तर पहिला प्रश्न भावाचा नसतो, "ताब्याचं तेवढं पुढं-मागं होईल का?" असा असतो, आणि तिथून बोलणी मार्गी लागतात.