मूल्यवर्धित कर भरतानाची ओढाताण कशी थांबली

विक्री चांगली चालू असूनही दर तिमाहीला मूल्यवर्धित कर भरताना माझ्या छोट्या व्यवसायाच्या खात्यात पुरेसे पैसे नसत. दोष कुठे आहे हे कळेपर्यंत दोनदा विलंबशुल्क भरून झाले होते. ग्राहकाकडून बिलाबरोबर आलेला कर मी आपलाच समजून माल आणि पगारांवर खर्च करत होतो; वास्तविक तो आपण शासनासाठी केवळ सांभाळत असतो.

शिवाय माझा हिशेब बिलाच्या तारखेनुसार चाले, त्यामुळे ज्या ग्राहकाने तीन महिने पैसेच दिले नाहीत, त्याच्या बिलावरचा करही मला पदरचा भरावा लागे. अनेक देशांत लहान व्यावसायिकांना प्रत्यक्ष रक्कम मिळाल्यावर कर मोजण्याची मुभा असते. पात्रता तपासून मी ती पद्धत स्वीकारली. मात्र तिच्यात खरेदीवरील कराची वजावटही साधारणपणे पुरवठादाराचे पैसे चुकते केल्यावरच मिळते, म्हणून उधारीवर भरपूर खरेदी करणाऱ्याला ती सोयीची ठरेलच असे नाही.

मग कराचे वेगळे बँक खाते उघडले आणि दर आठवड्याला जमा झालेल्या करातून खरेदीवरचा कर वजा करून उरलेली रक्कम तिकडे वळवू लागलो. दर २० टक्के असताना करासह १२० मिळाले, तर त्यातला कर २० असतो, २४ नव्हे. हे गणित मी (लाजिरवाणे असले तरी) बरेच दिवस चुकवत होतो. भरणा मुदतीच्या दहा दिवस आधीच उरकतो, कारण मधल्या सुट्ट्यांत बँकेचे व्यवहार अडकू शकतात.