डिस्क माऊंट नसताना बॅकअप स्क्रिप्ट काय करते, आणि ते कसं थांबवायचं

आरसिंकला (फाइल कॉपी करणारी कमांड) --डिलीट (मूळ ठिकाणी नसलेल्या फाइल कॉपीतूनही पुसण्याचा पर्याय) लावलेली स्क्रिप्ट रात्री चालते आणि नेमकी त्याच वेळी मूळ डिस्क माऊंट झालेली, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडलेली, नसते. लिनक्सच्या लेखी तो फोल्डर, समजा /एमएनटी/डेटा, हा तरीही एक धडधाकट फोल्डर असतो, फक्त रिकामा. स्क्रिप्ट मग इमानेइतबारे बॅकअपची डिस्कही रिकामी करते. वाचताना एरर आली असती तर आरसिंकने पुसणं आपणहून टाळलं असतं, पण रिकामा फोल्डर ही काही एरर नव्हे.

उलटही घडतं. बॅकअपची डिस्क माऊंट नसेल तर सगळी कॉपी रूट डिस्कवर (जिच्यावर लिनक्स आहे ती) पडते आणि ती 100 टक्के भरते. नंतर डिस्क माऊंट केली की त्या फाइल तिच्याखाली झाकल्या जातात: डीएफ (उरलेली जागा दाखवणारी कमांड) म्हणतं जागा संपली, डीयूला (फाइलींनी घेतलेली जागा मोजणारी कमांड) काहीच सापडत नाही. अशा वेळी ‘माऊंट --बाइंड / /एमएनटी/रूट’ करून तिथे शोधा, हमखास सापडतात.

(कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

सुरुवात /ईटीसी/एफएसटॅबपासून, म्हणजे कोणती डिस्क कुठे माऊंट करायची त्या यादीपासून. डिस्कचं नाव एसडीबी असं लिहू नका, रीबूटनंतर ते बदलू शकतं. ब्लकआयडी या कमांडने यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) काढा आणि ओळ अशी ठेवा:

यूयूआयडी=… /एमएनटी/डेटा एक्स्ट4 डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=10 0 2

नोफेल (डिस्क नसली तरी मशीन सुरू होऊ दे) नसेल तर सिस्टमडी, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, एरवी 90 सेकंद डिस्कची वाट पाहतं आणि मग मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. एसएसएच (दुरून लॉगिन) बंद, म्हणजे मॉनिटर आणि कीबोर्ड शोधत बसा. मात्र नोफेलमुळे मशीन डिस्कशिवायही गुपचूप सुरू होतं, त्यामुळे पुढच्या तपासण्या ऐच्छिक राहत नाहीत. फाइल सेव्ह केल्यावर ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’, ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माऊंट -ए’ चालवा. हे बिनबोभाट पार पडल्याशिवाय रीबूट करू नका.

आता डिस्क अनमाऊंट करून रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचॲटर +आय /एमएनटी/डेटा’ (फोल्डरमध्ये बदल करायला बंदी) द्या आणि डिस्क परत माऊंट करा. माऊंट होण्यात अडचण येत नाही, पण डिस्क नसताना तिथे रूट या सर्वाधिकारी यूजरलाही लिहिता येत नाही. बॅकअपच्या फोल्डरलाही हेच करा. एवढ्याने रूट डिस्क भरण्याचा प्रश्न मिटतो.

पुसलं जाण्याचा मिटत नाही, तो स्क्रिप्टमध्ये सोडवायचा:

माऊंटपॉइंट -क्यू /एमएनटी/डेटा || एक्झिट 1
माऊंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट 1
आरसिंक -एएचएएक्स --डिलीट --मॅक्स-डिलीट=200 --बॅकअप --बॅकअप-डीर=/एमएनटी/बॅकअप/जुने/$(डेट +%एफ) /एमएनटी/डेटा/ /एमएनटी/बॅकअप/चालू/

डिस्क माऊंट नसेल तर पहिल्या दोन ओळी स्क्रिप्ट तिथेच थांबवतात; त्यांत ‘-क्यू’ छोट्या अक्षरात. आरसिंकच्या झुपक्यात पहिला ए छोटा, बाकी एच, ए, एक्स मोठे; तारखेतला एफही मोठा. मूळ फोल्डरच्या शेवटची तिरकी रेघ राहिली तर चालूच्या आत आणखी एक डेटा फोल्डर तयार होतो. 200 हा आकडा आपल्या वापरानुसार ठरवा. मर्यादा ओलांडली की आरसिंक पुसणं थांबवून 25 हा कोड परत देतं, तो दिसला तर आधी काय पुसलं जातंय ते बघा. पहिल्यांदा ‘-एन -आय’ लावून कोरडी फेरी (काय बदलेल ते फक्त दाखवणारी) घ्याच. ‘जुने’ फोल्डर आपोआप साफ होत नाही, जागेवर लक्ष ठेवा.

क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) चालवताना ‘एफलॉक -एन’ लावा, नाहीतर पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होते. तारखेची कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकात) टाकू नका: तिथे टक्के चिन्हाला नवीन ओळ समजतात. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये हा त्रास नाही. क्रॉनचा पाथही (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, म्हणून एसबिन फोल्डरमधल्या स्मार्टसीटीएलसारख्या (डिस्कची तब्येत तपासणारी) कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा.

सांबाचंही (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) तेच: डिस्क नसली की शेअर रिकामा दिसतो आणि घरातले घाबरतात. सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये शेअरच्या भागात या दोन ओळी घाला, मग शेअर उघडणारच नाही:

रूट प्रीएक्झेक = /यूएसआर/बिन/माऊंटपॉइंट -क्यू /एमएनटी/डेटा
रूट प्रीएक्झेक क्लोज = येस

तिथेच परवानग्याही उरकून घ्या. एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही म्हणून 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देण्याचा मोह आवरा. सगळ्यांचा एक ग्रुप करा, ‘फोर्स ग्रुप’मध्ये त्याचं नाव, ‘क्रिएट मास्क’ 0664, ‘डिरेक्टरी मास्क’ 2775. आधीच्या फाइलींना ग्रुप बदलणारं ‘सीएचजीआरपी -आर’ हाताने द्यावं लागतं (इथला आर मोठा), फोल्डरना सीएचमॉड 2775. टेस्टपार्म या कमांडने सेटिंग तपासून मगच सांबा रीलोड करा.

शेवटी खोटी दुर्घटना घडवून बघा. सांबा थांबवा, /एमएनटी/डेटा अनमाऊंट करा (‘टार्गेट इज बिझी’ आलं तर ‘फ्यूजर -व्हीएम’ कोण अडलंय ते दाखवतं), स्क्रिप्ट चालवा आणि तिने परत दिलेला कोड बघायला ‘एको $?’ द्या. उत्तर 1 यायला हवं. 0 आलं तर स्क्रिप्ट क्रॉनमध्ये टाकू नका.