पाडलेल्या वीज केंद्राचे अवशेष कसे पाहावेत: थॉर्प मार्शच्या निमित्ताने

कोळशावरचे वीज केंद्र पाडायला घेतले की लांबून दिसणारी बांधकामे जातात, म्हणजे कूलिंग टॉवर, चिमणी आणि बॉयलर हाऊस. मागे राहते ते एकतर अजून वापरात असते म्हणून, नाहीतर ते फोडायचा खर्च भंगाराच्या भावातून निघत नाही म्हणून. हे ध्यानात ठेवले तर ओसाड दिसणाऱ्या माळावरूनही केंद्राचा आराखडा बराचसा उलगडता येतो.

इंग्लंडमधील डॉनकास्टर शहराजवळ, बार्नबी डन गावालगत असलेले थॉर्प मार्श हे याचे चांगले उदाहरण आहे. १९६०च्या दशकात सुरू झालेले हे केंद्र १९९४ मध्ये बंद पडले, त्याचे सहा कूलिंग टॉवर त्यानंतरही अठरा वर्षे तसेच उभे होते आणि २०१२ मध्ये ते पाडण्यात आले. शेजारचे ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र मात्र चालूच राहिले. अशा ठिकाणी जाणाऱ्याने पहिली खूणगाठ बांधावी ती हीच, की सगळे बंद दिसत असले तरी तारांमधून वीज वाहत असू शकते. उपकेंद्राच्या कुंपणापाशी थांबून कान दिल्यास ट्रान्सफॉर्मरची सलग घुंई ऐकू येते. पण ती ऐकू आली नाही म्हणून वीज नाही असे कधीही समजू नये. एवढ्या दाबाची वीज स्पर्शाची वाट न पाहता हवेतूनच झेप घेऊ शकते, म्हणून तारांखाली ट्रायपॉड, लांब काठी किंवा ड्रोन उंचावू नये.

निघण्यापूर्वी घरी बसून करायचे काम नकाशाचे आहे, आणि माझ्या मते निम्मी मजा त्यातच असते. ब्रिटनमधील जागांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने सर्वेक्षण नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहता येतात. टर्बाइन हॉलची लांब भिंत, टॉवरची वर्तुळे, कोळशाच्या रेल्वेमार्गिका आणि नदीकाठचे पंपगृह यांच्या जागा कागदावर टिपून घ्याव्यात. त्यासोबतच जमीन कोणाची आहे याची चौकशी करून लेखी परवानगी मागावी. परवानगी मिळाली नाही तर सार्वजनिक पायवाटेवरून दिसेल तेवढे पाहावे. थॉर्प मार्शला लागूनच यॉर्कशायर वाइल्डलाइफ ट्रस्टचे निसर्गक्षेत्र असल्याने तिथे अशी सोय आहे. आपल्याकडे ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस रेल्वेने स्वतःच्या विजेसाठी बांधले होते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली कारवाई होते, हे अशा जागांबाबत विसरू नये.

प्रत्यक्ष पाहणी ऊर्जेच्या वाटेने करावी, म्हणजे कोळसा जिथे उतरत असे तिथून सुरुवात करून उपकेंद्रापाशी थांबावे. जमिनीतून वर आलेला काँक्रीटचा प्रचंड ठोकळा आणि त्यावर ओळीने कापून टाकलेले जाड बोल्ट दिसले, तर तो बहुधा टर्बाइनचा पाया असतो. कंपने इमारतीत उतरू नयेत म्हणून हा पाया इमारतीपासून मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, आणि तो फोडणे महागात पडत असल्याने अनेकदा तिथेच राहून जातो. त्याच्या खाली कंडेन्सर, म्हणजे वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारे यंत्र असे. तिथून निघालेले पाण्याचे बंदिस्त मार्ग टॉवरच्या गोल हौदांपर्यंत जातात, आणि हे हौदच या जागेतील सर्वात फसवे ठिकाण आहे, कारण साचलेल्या पाण्यावर शेवाळ आणि पाणवनस्पतींचा थर धरला की ते हिरवळीसारखे दिसतात. जमिनीखालच्या चेंबरची लोखंडी झाकणे भंगारात गेलेली असतात आणि उघड्या तोंडांवर काटेरी झुडपे पसरतात. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी लाकडी काठीने जमीन चाचपावी, एकट्याने जाऊ नये आणि तळघरात उतरू नये.

अर्धवट पाडलेल्या इमारतीत मात्र कोणत्याही कारणाने शिरू नये. मोठ्या केंद्रांतील बॉयलर जमिनीवर टेकलेला नसून वरच्या तुळयांना टांगलेला असतो, कारण तापल्यावर त्याला खालच्या दिशेने वाढायला जागा लागते; सगळा भार वरून येत असल्याने काही खांब कापले गेले की उरलेल्या सांगाड्याचा भरवसा राहत नाही. ऑक्सफर्डशायरमधील डिडकॉट येथे २३ फेब्रुवारी २०१६ रोजी पाडकामाची तयारी चालू असताना बॉयलर हाऊसचा भाग कोसळून चार कामगारांचा मृत्यू झाला. तेही त्या कामावरचे लोक होते.

कार्यालय, कार्यशाळा, उपाहारगृह यांसारख्या शाबूत इमारतींत मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या माणसासोबत जाता येते. तिथे भिंतीवरचे फलक, स्विचबोर्डावरची नावे आणि दारांवरचे क्रमांक जवळून टिपावेत, कारण नकाशाशी मेळ घालताना दूरच्या छायाचित्रांपेक्षा तेच उपयोगी पडतात. पाइपांवरचे पांढरट, तंतुमय वेष्टण फाटलेले दिसले तर त्याला हात लावू नये; ते ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज असू शकते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या केंद्रात ते असणारच असे धरून चालावे. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो, तेव्हा त्या खोलीतून बाहेर पडून मालकाला कळवणे हाच योग्य मार्ग आहे.

ब्रिटनमध्ये अशा पाहणीसाठी जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. झुडपे तेव्हा विरळ असतात आणि इमारतींच्या पायांच्या कडा स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यात त्याच जागी काटेरी जाळीशिवाय काही हाती लागत नाही.