कांताकुझिनोस घराण्याची वंशावळ कागदावर कशी उतरवावी

सुगी संपली की आमच्या माहेरी, कागलजवळच्या गावात, हेळवी यायचा. बैलाच्या गळ्यातली घंटा गल्लीच्या तोंडाशी वाजली की आजी सुपात जोंधळे काढून ठेवायची. सोप्यात घोंगडं अंथरलं जायचं, तो वही उघडायचा आणि मूळपुरुषापासून सगळ्या पिढ्या एका सुरात म्हणून दाखवायचा. माझ्या दोन्ही भावांची नावं त्या वहीत चढली. माझं नाही. आज मंगळवार पेठेत बसून मी नात्यागोत्यातल्या लोकांच्या वंशावळी मांडून देते, पण ती वही डोळ्यापुढनं जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळातलं कांताकुझिनोस हे ग्रीक घराणं मांडायला घेतलं. कुणाला असं जुनं, परदेशी सरदारघराणं मांडायचं असेल, तर मला जमलेली रीत सांगते.

मूळपुरुषापासून सुरुवात करू नका. ज्याच्याविषयी सगळ्यांत जास्त लिहिलेलं सापडतं, त्याला कागदाच्या मधोमध बसवा. इथं तो माणूस म्हणजे योआनिस, सम्राट सहावा जॉन. १३४७ ते १३५४ तो कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर होता, आणि आपल्या काळाचा इतिहास त्यानं स्वतःच लिहून ठेवलाय. गादी सोडून तो संन्यासी झाला आणि योआसाफ हे नाव घेतलं. १३८३ साली वारला. ही दोन्ही नावं एकाच चौकटीत लिहा. मी योआसाफला वेगळी चौकट दिली होती, मग सगळी उजवी बाजू खोडावी लागली. त्याच्या वरच्या पिढ्या तुटक आहेत. अकराव्या शतकाच्या शेवटी सम्राट पहिल्या अलेक्सिओसच्या फौजेत एक कांताकुझिनोस सरदार दिसतो, ११७६ च्या मिरिओकेफालोनच्या लढाईत याच आडनावाचा एक जण पडतो. ही नावं पेन्सिलीनं लिहा, पण रेघेनं जोडू नका.

आडनावं जपून वाचा. आपल्याकडं आडनाव बापाचं. तिथं आईकडचं आडनावही मानानं लावत, एकेका माणसाला तीन-तीन. बाईचं आडनाव फिरतं: कांताकुझिनोसची लेक कांताकुझिनी, पालेओलोगोसची पालेओलोगिना. एकाच आडनावाची ही बाईची नि पुरुषाची रूपं वेगळी घराणी समजून बसलात तर घोळ होईल.

आता लेकी. त्यांच्यासाठी जागा आधीच सोडा. थिओडोरा १३४६ साली उस्मानी सुलतान ओरहानला दिली. तुर्कांची मदत हवी होती म्हणून केलेली ही सोयरीक. दुसरी हेलेना. तिच्या बापाशी गादीसाठी भांडलेल्या पालेओलोगोस घरातल्या पाचव्या जॉनशी १३४७ साली तिचं लग्न लागलं. दरबाराचे खरे जडजवाहीर व्हेनिसकडं गहाण पडले होते, म्हणून त्याच वेळी झालेल्या सहाव्या जॉनच्या राज्याभिषेकाच्या मुकुटात काचेचे खडे बसवले आणि पंगतीला कथलाची नि मातीची भांडी मांडली. या हेलेनाचा मुलगा सम्राट दुसरा मॅन्युएल, आणि त्याचा मुलगा अकरावा कॉन्स्टंटाईन. २९ मे १४५३ ला तटावर लढताना गेलेला शेवटचा सम्राट तो हाच, सहाव्या जॉनचा लेकीकडून पणतू! सहाव्या जॉनचे नुसते मुलगेच मांडले, तर मॅथ्यू आणि दक्षिण ग्रीसमधल्या मोरियाचा कारभार पाहणारा मॅन्युएल असे हाती लागतात आणि हा पणतू कागदावर येतच नाही. हेलेनाची चौकट मी लाल शाईनं केली आहे.

सनांचं गणित सोपं आहे. मोडी कागदात शक दिसला की आपण ७८ मिळवतो, तसं ग्रीक कागदात जगाच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष असतं. त्यातून ५५०८ वजा करायचे: ६९६१ म्हणजे १४५३. त्यांचं वर्ष १ सप्टेंबरला लागतं, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरच्या तारखांना ५५०९ वजा करा.

सगळ्यांत अवघड जागा साम्राज्य बुडाल्यानंतरची. सोळाव्या शतकात मिहाईल कांताकुझिनोस हा अफाट श्रीमंत व्यापारी पुढं येतो. तुर्क त्याला शैतानोग्लू, सैतानाचा पोर, म्हणत. ३ मार्च १५७८ ला अँखियालोसला, आजच्या बल्गेरियात, त्याच्याच वाड्याच्या दारात त्याला फाशी दिलं. रोमानियातली शाखा आपलं मूळ त्याच्यापाशी नेते. त्या शाखेतला शर्बान १६७८ ते १६८८ वालाखियाचा राजा होता, आणि त्यानं हाती घेतलेलं रोमानियन बायबल १६८८ साली बुखारेस्टात छापून झालं. पण हा मिहाईल सम्राटाच्या वंशातलाच, हे निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. तिथं तुटक रेघ काढा. दत्तक आला की आपण शेजारी 'द' लिहितो ना, तसं मी या रेघेवर 'पुरावा नाही' असं लिहिलंय. कुणी पाहुणा "जोडून टाका की, चांगलं दिसेल" म्हणतो, तरी मी ती रेघ सरळ करत नाही.

कागद मात्र आडवाच घ्या, दोन चार्टपेपर चिकटवून. उभ्या कागदावर लेकींच्या शाखा मावत नाहीत.