मागचा स्पीकर मुका झालाय? नवीन घेण्याआधी हे तपासा

गाडीच्या मागच्या दारातला स्पीकर बंद पडला की दुकानात पहिला सल्ला मिळतो, ‘नवीन जोडी टाका’. जोडी टाकूनही दार मुकंच राहतं, कारण बऱ्याचदा स्पीकर ठणठणीत असतो आणि तुटलेली असते वायर. हे शोधायला महागडं काही लागत नाही: साधा डिजिटल मल्टिमीटर, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, थोडी वायर आणि डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उचकटायला प्लास्टिकची पट्टी.

सुरुवात सेटिंगपासून. स्टीरिओत फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारं सेटिंग) पूर्ण मागे आणि बॅलन्स (डावा-उजवा) ज्या बाजूचा स्पीकर बंद आहे तिकडे पूर्ण न्या. बॅटरी बदलल्यावर किंवा मुलांनी स्क्रीनशी खेळल्यावर फेडर पुढे सरकलेला सापडतो. फोन कॉल आणि नेव्हिगेशनचा आवाज अनेक गाड्यांत फक्त पुढूनच येतो, म्हणून गाणं लावूनच तपासा. डावीकडचे पुढचा-मागचा दोन्ही बंद असतील, तर फोनच्या सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्सही बघा. फ्यूजच्या मागे लागू नका. स्टीरिओचा फ्यूज सगळ्या स्पीकरना एकच असतो. तो उडाला तर एक नाही, सगळेच बंद पडतात.

आता गाणं चालू ठेवून मागचं दार सावकाश उघडा आणि मिटा. मध्येच खरखर झाली किंवा क्षणभर आवाज आला तर वायर दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तुटली आहे, असं जवळपास धरूनच चाला. प्रत्येक उघडझापीला तिथे वायर वाकते. आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. नुसतं बघून हे कळत नाही. वायर हलकेच ओढा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते.

काहीच आवाज नसेल तर किल्ली बंद करून डोअर पॅड काढा. हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू आधी, मग कडेच्या क्लिपा. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका. काच ओली झाली की पाणी दाराच्या आत उतरतंच. ते पॅडवर आणि गाडीच्या आत येऊ न देणं हे त्या कागदाचं काम. तो फाटलेला असला की पावसाळ्यात कपलरच्या (स्पीकरला वायर जोडणाऱ्या प्लगच्या) पिना हिरव्या पडतात.

कपलर काढा आणि मीटर २०० ओहमवर ठेवून स्पीकरच्या धातूच्या दोन्ही पट्ट्यांवर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.८ दाखवतो. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) उडाली, किंवा पट्टीपासून कोनपर्यंत (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यापर्यंत) जाणारी विणलेली बारीक तार तुटली. ही तार हलवून आकडा येतो-जातो का, ते पाहा. मग सेल क्षणभर टेकवा: ‘टक्’ आवाज आणि कोनची हालचाल दिसली पाहिजे. शेवटी बोटांनी कोन सरळ आत दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल जळून किंवा सरकून अडकते आहे. असा स्पीकर बदललेलाच बरा.

स्पीकर चांगला निघाला तर खरी गंमत कपलरच्या वायरींमध्ये आहे. स्टीरिओ चालू करा, स्पीकर जोडू नका. मीटर डीसी २० व्होल्टवर, मीटरची काळी प्रोब (टोकदार वायर) बॉडीच्या उघड्या लोखंडाला आणि लाल प्रोब आळीपाळीने दोन्ही वायरींना. वेगळा अॅम्प्लिफायर नसलेल्या बहुतेक स्टीरिओत दोन्हींवर बॅटरीच्या निम्मं, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास दिसतं. एकीवर ६ आणि दुसरीवर शून्य? तीच दुसरी वायर तुटली. स्पीकर जोडलेला असला तर कॉइलमधून दोन्हीकडे ६ दिसतील आणि फसगत होईल. वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर ही युक्ती लागू नाही.

मायनस वायरवरही ६ व्होल्ट असतात, म्हणूनच स्पीकरची मायनस वायर कधीही बॉडीला जोडू नका. ‘एक वायर वाचते’ म्हणून केलेल्या अशा जोडणीने स्टीरिओचा आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जाऊ शकतो.

दोन्ही वायरींवर शून्य असेल तर स्टीरिओ बाहेर काढा. बाजारातल्या बहुतेक स्टीरिओत मागचा डावा हिरवा आणि मागचा उजवा जांभळा. काळी रेघ असलेली मायनस. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र वेगळे असतात. मागच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या दाराकडे गेला तर स्टीरिओ किंवा त्याच्या मागची जोडणी दोषी. जिथे होता तिथेच राहिला तर वायर. वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर आधी त्याच्या आउटपुटला आणि मग आरसीए केबलींना (स्टीरिओकडून अॅम्प्लिफायरला जाणाऱ्या) हीच अदलाबदल करा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी दिसली तर तिथेच थांबा: उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि सांधा सुटतो.

दुरुस्ती करताना सांधा रबरी नळीच्या आत ठेवू नका, पुन्हा तुटेल. खांबाच्या आतपासून दाराच्या आतपर्यंत ०.७५ किंवा १ चौरस मिमीची नवी लवचिक वायर ओढा, थोडी सैल ठेवा, दोन्ही सांधे सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. जोडण्याआधी प्रत्येक वायर स्टीरिओपासून सोडवून, मीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून बॉडीशी तपासा. बीप वाजला तर ती कुठेतरी सोलून लोखंडाला लागली आहे, आणि अनेकदा डोअर पॅडचा लांब स्क्रूच त्यातून आरपार गेलेला असतो.

स्पीकर बदलायचाच ठरला तर ४ ओहमचाच घ्या. रुंद पट्टी प्लस, अरुंद मायनस. उलट जोडला तरी तो वाजतो, पण बेस पातळ होतो. पॅड लावण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा, कारण खोल मॅग्नेटचा स्पीकर नेमका तिथेच काचेला अडतो.