डाऊनटाऊनमध्ये तासाच्या पगारावर काम करताय? सिटीचं सवलतीचं पार्किंग परमिट असं काढा

अमेरिकेत डाऊनटाऊनमधल्या रेस्टॉरंटमध्ये, सलॉनमध्ये, डेकेअरमध्ये, कपड्यांच्या दुकानात तासाच्या पगारावर काम करणारे आपले मराठी लोक आता भरपूर आहेत, कुणी एच-फोर ईएडी (एच-वनवाल्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणारा कामाचा परवाना) मिळाल्यावर लागलंय, कुणी ग्रीन कार्ड आल्यावरची पहिली नोकरी म्हणून. आणि या सगळ्यांची एक कॉमन डोकेदुखी म्हणजे गाडी कुठे लावायची. पार्किंगच्या गॅरेजमध्ये रोजचे पैसे भरले तर दिवसाचा पहिला तास-दीड तास पार्किंगसाठीच राबल्यासारखं होतं, आणि फुकटच्या दोन तासांच्या जागेत लावली तर दर दोन तासांनी ॲप्रन काढून, मॅनेजरला सांगून, पळत जाऊन गाडी हलवायची. ऐन लंचच्या गर्दीत हे जमत नाही आणि मग काचेवर दंडाचं तिकीट.

बऱ्याच जणांना माहीतच नसतं की काही शहरांमध्ये म्युनिसिपालिटी स्वतःच्या गॅरेजमध्ये कमी पगाराच्या कामगारांना वेगळ्या, कमी दराने परमिट देते. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये अशी सोय आहे, आणि खाली जे लिहितोय ते बरंचसं कॅलिफोर्निया डोळ्यासमोर ठेवून, पण दुसऱ्या राज्यात असाल तरी कामाची पद्धत साधारण हीच.

आधी जागा कुणाची ते बघा

डाऊनटाऊनमध्ये शेजारी शेजारी दोन गॅरेज असतात, एक सिटीचं आणि एक खासगी कंपनीचं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सवलत फक्त सिटीच्या जागेत चालते. एंट्रीच्या पाटीवर शहराचं नाव किंवा लोगो आहे का बघा. खासगी लॉटमध्ये सिटीचं परमिट दाखवून काही उपयोग नाही, तिथून गाडी सरळ टो होते, म्हणजे ओढून नेतात, आणि ती सोडवायचा खर्च तिकिटापेक्षा कितीतरी जास्त.

मग सिटीच्या वेबसाईटवर पार्किंगच्या पानावर जा आणि 'एम्प्लॉयी परमिट' शोधा. सवलतीचा दर बहुतेक वेळा त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतो, 'रिड्यूस्ड प्राइस', 'लो इनकम', 'इनकम क्वालिफाइड' अशा कुठल्यातरी नावाने. सापडलं नाही तर पार्किंग ऑफिसला फोन करून थेट विचारा की डाऊनटाऊनमधल्या कमी पगाराच्या कामगारांसाठी वेगळा दर आहे का. दुकानाच्या मालकावर अवलंबून राहू नका, त्याला स्वतःच्या परमिटपलीकडचं बऱ्याचदा माहीत नसतं.

तुम्ही नियमात बसता का

दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे तुमचं दुकान ठरलेल्या हद्दीत आहे का. हद्द म्हणजे नकाशावरची रेघ असते, रस्त्याच्या या बाजूचं दुकान आत आणि समोरचं बाहेर असंही होतं, म्हणून अंदाज न करता नकाशात दुकानाचा पत्ता टाकून बघा. दुसरी म्हणजे उत्पन्न. कुठे तासाच्या दराची मर्यादा असते, कुठे वर्षाच्या रकमेची. वर्षाची असेल तर हिशोब सोपा आहे, तासाचा दर गुणिले आठवड्याचे तास गुणिले ५२. पालो अल्टोचं २०२५ चं किमान वेतन तासाला १८.२० डॉलर होतं, आठवड्याला ३० तास धरले तर वर्षाचे २८,३९२ डॉलर होतात. टिप्स मिळत असतील आणि पे-स्टबवर (पगाराच्या स्लिपवर) दिसत असतील तर त्याही धरा.

इथे एक गोष्ट नीट वाचा. काही फॉर्ममध्ये फक्त तुमचा स्वतःचा पगार विचारतात आणि काहींमध्ये घरातल्या सगळ्यांचा. नवरा किंवा बायको आयटीत असेल तर पहिल्या प्रकारात तुम्ही बसाल, दुसऱ्या प्रकारात नाही. घरातलं उत्पन्न विचारलं असेल तर खरंच लिहा. या परमिटांचा कोटा ठरलेला असतो, आणि तुम्ही खोटं लिहून घेतलेली जागा भांडी घासणाऱ्या, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाची असते.

उलट, खरोखर बसत असाल तर लाजू नका. आपल्याकडे 'लो इनकम' लिहिलेला फॉर्म भरायचा म्हटलं की लोक मागे सरतात, कुणाला कळलं तर काय म्हणतील वगैरे. अहो, तुम्ही दिवसभर उभं राहून काम करताय आणि सिटीने ही सोय तुमच्यासाठीच ठेवलीये. ग्रीन कार्डच्या केसवर परिणाम होईल अशी भीतीही खूप जणांना असते. सिटी स्वतःच्या गॅरेजला कमी दर लावते तेव्हा सरकारने तुमच्या हातात रोख मदत दिली असं होत नाही. तरीही केस चालू असेल आणि मनात शंका असेल तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला एक ईमेल टाका.

कागदपत्रं, खरी मेख इथे आहे

साधारण हे लागतं: गेल्या एक-दोन महिन्यांचे पे-स्टब, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, आणि कधीकधी मालकाचं पत्र किंवा मागच्या वर्षीचा डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा मालकाकडून मिळणारा फॉर्म.

पे-स्टब काढून समोर ठेवा आणि वरचा पत्ता बघा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असावाच लागतो, पण तो पत्ता कंपनीचा असतो, दुकानाचा नव्हे. तीन-चार शाखा असलेल्या रेस्टॉरंटचा स्टब एखाद्या भलत्याच गावातल्या ऑफिसच्या पत्त्यावर निघतो, नावही पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं, काहीतरी एलएलसी (कंपनीचं कायदेशीर नाव). काउंटरवरचा माणूस ते बघतो आणि म्हणतो की तुम्ही आमच्या हद्दीत काम करत नाही. त्यामुळे स्टबवर दुकानाचा पत्ता नसेल तर आधीच मॅनेजरकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या: तुमचं नाव, तुम्ही अमुक पत्त्यावरच्या शाखेत काम करता, आठवड्याचे तास किती, सही आणि तारीख. पाटीवरचं नाव आणि एलएलसीचं नाव दोन्ही त्या पत्रात यायला हवीत. एवढं केलं तरी अर्ज परत येण्याचं मोठं कारण संपतं.

नुकतीच नोकरी लागली असेल आणि स्टब आलाच नसेल तर ऑफर लेटर चालतं का विचारा. पगार कॅशमध्ये मिळतो आणि स्टब मिळतच नाही असं असेल तर मालकाकडे स्टब मागा, कॅलिफोर्नियात तो देणं कायद्याने त्याला बंधनकारक आहे. आणि अपलोड करताना बँकेचा अकाउंट नंबर दिसत असेल तर काळा करून टाका, सिटीला तो लागत नाही.

अर्ज करताना

बहुतेक ठिकाणी आता ऑनलाईन पोर्टल आहे. मोबाईलवर काढलेला तिरका, अर्धवट फोटो नाकारला जातो, तेव्हा कागद टेबलावर ठेवून चारही कोपरे दिसतील असा काढा. नेहमीच्या एम्प्लॉयी परमिटच्या आणि सवलतीच्या परमिटच्या लिंक वेगळ्या असू शकतात, घाईत पूर्ण दराचे पैसे भरू नका, नंतर रिफंड मागत बसायला लागतं.

महिन्याचं, तीन महिन्यांचं की वर्षाचं घ्यायचं हे तुमच्या शिफ्ट बघून ठरवा. आठवड्यातून दोनच दिवस जात असाल तर कधीकधी दिवसाचा पास स्वस्त पडतो, महिन्याचे प्रत्यक्ष दिवस मोजा आणि मग बघा. दुकान बदलायचा विचार असेल तर वर्षाचं घेऊच नका. वेटिंग लिस्ट असेल तर आजच नाव टाका, सवलतीची रांग पुष्कळदा वेगळी असते आणि ती लवकर सरकते की नाही हे फोन करूनच कळतं.

परमिट मिळाल्यावर

आजकाल स्टिकर लावण्यापेक्षा गाडीची नंबर प्लेटच सिस्टममध्ये टाकतात आणि तपासणीची गाडी कॅमेऱ्याने प्लेट वाचत जाते. म्हणजे त्या दिवशी घरातली दुसरी गाडी नेली, किंवा नव्या गाडीची टेंपररी प्लेट जाऊन कायमची आली, तर पोर्टलमध्ये प्लेट बदलल्याशिवाय तुमचं परमिट नसल्यातच जमा. शून्य आणि ओ हे अक्षर यात गल्लत होते, तेही तपासा.

परमिट कुठल्या गॅरेजचं, कुठल्या मजल्याचं आणि किती वाजेपर्यंतचं हे ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. परमिट म्हणजे राखीव जागा नव्हे, मजला भरला तर वरच्या मजल्यावर जायचं, पण तासावारीच्या जागेत लावायची नाही. रस्त्यावरच्या फुकट जागेलाही नियम असतात. पालो अल्टोच्या डाऊनटाऊनमध्ये वर्षानुवर्षं रस्त्यांचे रंगांनुसार झोन होते, आणि दोन तास झाल्यावर गाडी त्याच रंगाच्या झोनमध्ये दुसरीकडे हलवली तरी तिकीट मिळायचं. असे नियम बदलतही असतात, म्हणून ऐकीव माहितीपेक्षा खांबावरची पाटी वाचा.

गॅरेज निवडायला मिळत असेल तर सकाळी कुठलं जवळ पडतं ते बघू नका, रात्री परत येताना काय होईल ते बघा. दहा वाजता दुकान बंद करून, दिवसभराचा थकवा घेऊन तुम्ही एकटे चालत येणार, तेव्हा रस्त्यावर उजेड आहे का, जिन्यात दिवे आहेत का, गॅरेजचं गेट किती वाजता बंद होतं, हे एकदा रात्री जाऊन बघाच. बायकांनी तर नक्कीच. दोन ब्लॉक लांबचं पण वर्दळीच्या रस्त्यावरचं गॅरेज कधीही चांगलं.

परमिट नाही मिळालं तर

नाकारलं तर कारण लेखी मागा. पत्त्याचा किंवा कागदाचा घोळ असेल तर दुरुस्त करून लगेच परत टाका.

मालकाला टॅक्सआधी पार्किंगबद्दल विचारा. फेडरल कायद्याने कामाच्या ठिकाणाजवळचं पार्किंग पगारातून टॅक्स कापायच्या आधी वळतं करता येतं, २०२५ मध्ये मर्यादा महिन्याला ३२५ डॉलर होती, २०२६ साठी ३४० आहे. यात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात. मात्र हे मालकाच्या पेरोलमधूनच होतं, एप्रिलमध्ये स्वतः रिटर्न भरताना वजा करता येत नाही.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, असाल तर क्लिपर स्टार्ट बघा, कमी उत्पन्नवाल्यांना बस-ट्रेनच्या भाड्यात ५० टक्के सूट मिळते, वय १९ ते ६४. याला मात्र घरातलं एकूण उत्पन्न धरतात, फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (केंद्र सरकारने ठरवलेल्या गरिबीरेषेच्या) दुप्पटपर्यंत, म्हणजे २०२५ च्या आकड्यांनी एकट्या माणसाला ३१,३०० आणि चौघांच्या घराला ६४,३०० डॉलर. पालो अल्टोमध्ये तर ट्रान्सपोर्टेशन मॅनेजमेंट असोसिएशन कमी पगाराच्या कामगारांना फुकट ट्रान्झिट पास देत आलीये, तुमची शिफ्ट ट्रेनच्या वेळेत बसत असेल तर परमिटपेक्षा हे बरं.

आधीची तिकिटं साचली असतील तर ती लपवून ठेवू नका. कॅलिफोर्नियात तिकीट चुकीचं वाटत असेल तर ते दिल्यापासून २१ दिवसांत फेरतपासणी मागता येते. भरायला पैसे नसतील तर कमी उत्पन्नवाल्यांना हप्ते मिळतात, ५०० डॉलरपर्यंतच्या थकबाकीवर महिन्याला २५ डॉलरपेक्षा जास्त हप्ता लावता येत नाही. हे स्वतःहून मागावं लागतं, आणि त्यालाही तेच पे-स्टब लागतात. नाहीतर दंड वाढत जातो आणि गाडीचं रजिस्ट्रेशन अडकतं.

आणि तुमच्या शहरात अशी सोयच नसेल तर सिटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बोला, पब्लिक कमेंटसाठी सहसा दोन-तीन मिनिटं मिळतात, नागरिकत्व लागत नाही. नुसतं पार्किंग महाग आहे म्हणू नका. तासाला इतके मिळतात, दिवसाचं पार्किंग इतकं, महिन्याचे इतके दिवस, असे स्वतःचे आकडे सांगा. बरोबर दुकानाच्या मालकालाही न्या, माणसं टिकत नाहीत ही त्याचीही अडचण असते आणि डाऊनटाऊनच्या व्यापाऱ्यांचं कौन्सिल जरा लवकर ऐकतं.