गावाचा इतिहास लिहायचाय? आधी कोतवाल बुक मागा

खान्देशात गावोगावच्या स्मरणिकांत पहिलं पान ठरलेलं: अमुक ऋषींनी इथे तप केलं, म्हणून हे नाव. ते पान सगळ्यात शेवटी लिहा. सुरुवात तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात करा.

तिथे अर्ज करून कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. जातपडताळणीमुळे हे नाव तिथल्या कारकुनाला पाठ असतं, फार समजवावं लागत नाही. १९१८ ची पानं असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आधी पाहा. इन्फ्लुएन्झाची साथ तेव्हाची. कारणाच्या रकान्यात एकाखाली एक नुसतं ‘ताप’ दिसलं, तर त्या दोन महिन्यांतले मृत्यू मोजा आणि आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांची नोंद, गाव नमुना ६. वाटण्या, गहाण, सावकाराकडे गेलेली जमीन, सगळं इथे. अख्ख्या गावाचे काढू नका, बुडून जाल. वेशीजवळची दोन-तीन शेतं निवडा आणि आजच्या सातबाऱ्यावरून मागे जात राहा. माग हमखास तुटतो तो जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेपाशी, कारण तिथे सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. त्यासाठी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्या. गावनकाशा आणि टिपण (शेताच्या मोजणीचा कच्चा नकाशा) भूमि अभिलेख कार्यालयात मिळतात.

कागद ‘सापडत नाही’ म्हटलं की तालुक्याचं जुनं नाव सांगून बघा. १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये सावदा, विरदेल, पिंपळनेर, नशिराबाद हे तालुके आहेत. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंदुरबार जिल्हा तर १९९८ चा. मालेगाव-बागलाणकडची गावं १८६९ पर्यंत खान्देशातच होती.

जुना कागद बऱ्याचदा मोडीत असतो. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने नावं लावू नका. साल मात्र स्वतः तपासा. शकात ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असं काही दिसलं तर तो सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांत अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं साल: नऊ, दहा, दोनशे, हजार, म्हणजे १२१९. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ६००. हे साल निघतं १८१८-१९, म्हणजे खान्देशात इंग्रजांचा अंमल आला तेव्हाचं. हाच १२१९ शक समजून बेरीज केली की गाव सवापाचशे वर्षांनी जुनं होतं, आणि ते छापूनही येतं.

वीरगळावर (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर) किंवा देवळाच्या पायरीवर अक्षरं असतील तर चुना, तेल, खडू काही लावू नका. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि चारी बाजूंनी फोटो काढा. दिवसा न दिसलेली अक्षरं बऱ्याचदा सावलीमुळे उठून दिसतात.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका. ‘पूर कव्हय उना?’ (पूर कधी आला?) विचारलं तर हात हलवतील. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’ विचारा. त्याही मागचं असेल तर त्यांच्या वडिलांनी फैजपूरच्या काँग्रेसबद्दल (१९३६) काय सांगितलं होतं, तिथून धागा पकडा. शिवारातली नावं जशी ऐकली तशीच टिपा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, धुळ्याचं धुये होतं. कागदावरचं ‘ळ’चं नाव आणि बोलण्यातलं ‘य’चं नाव दोन वेगळी शेतं समजून लिहिली, तर नकाशा जुळणार नाही.

पांझरेकाठचं गाव असेल तर बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने चालत जा आणि फडांची, म्हणजे त्या पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या गटांची, नावं क्रमाने लिहा. सोबत जुन्या पाटकऱ्याच्या (पाटाचं पाणी सोडणाऱ्याच्या) घरातलं कुणीतरी घ्या.